कामाबाहेरचा आवाज

भाऊंनी कागद गुडघ्यावर सपाट केला, घसा खाकरला आणि डॉक्टरचा आवाज काढून तिसऱ्यांदा विचारलं,

"कामाबाहेर मोठा आवाज कुठे ऐकता?"

"कुठेच नाही," दत्ताराम म्हणाला.

"इंग्रजी गाणी?"

"मला इंग्रजी येत नाही, साहेब."

"मग हे नाव कागदावर कुठून आलं?"

दत्ताराम अडकला. भाऊंनी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन उत्तर पुन्हा भरवलं. शेजाऱ्याचा टेप होता, भिंतीपलीकडून ऐकू यायचा, त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती आणि डॉक्टरांनी घाईत काहीतरी वेगळंच लिहून घेतलं. बाकाच्या टोकाला दत्तारामची बायको प्रेमा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तीही ओठ हलवत तेच पाठ करत होती. मेडिकल बोर्डासमोर आपल्यालाच उभं राहायचंय असा तिचा चेहरा झाला होता.

भाऊ युनियनचे. अशी दहा-बारा माणसं त्यांनी बोर्डातून पार नेली होती, पण आपल्याच तोंडाने आपली वाट लावून घेणारा हा पहिलाच, असं ते गेले दोन महिने भेटेल त्याला सांगत होते. दत्तारामला ते ऐकू जात नसे, हे एक बरं होतं.

जोगेश्वरीच्या फोर्जिंग शॉपमध्ये तो पंधरा वर्षं हॅमरवर होता. तापून लाल झालेला तुकडा चिमट्याने घणाखाली धरायचा, वरून घण पडायचा, मग पुढचा तुकडा. दिवसाला किती वेळा, ते कुणी मोजत नसे. डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, आता उजवाही निम्मा उरला होता. कंपनी म्हणत होती, माणूस अनफिट आहे, घरी जाऊ दे. बोर्डाने बहिरेपण कामामुळे आलं असं लिहिलं, तर कंपनीला त्याला स्टोअरमध्ये हलकं काम द्यावं लागणार होतं. नाहीतर नारळ. घरात वडील गिरणीच्या संपापासून बसून होते, दोन मुली शाळेत जात होत्या. दुसऱ्या माणसाने घरी बसावं एवढी जागाच त्या खोलीत नव्हती.

आणि खरं सांगायचं तर प्रकरण सरळ होतं. घणाखाली पंधरा वर्षं काढलेला माणूस बहिरा होणार नाही तर काय होणार? ते वाकडं केलं दत्तारामने, दवाखान्यातल्या त्या एका सकाळी. तिथल्या तरुण डॉक्टरने छापील फॉर्मवरचा प्रश्न वाचला होता, कामाबाहेर काही मोठा आवाज ऐकता का? दुसऱ्या कुणीही नाही म्हणून विषय संपवला असता. पण दत्तारामचा चेहरा उजळला. दहा मिनिटं तो बोलत राहिला. त्याने आयर्न चॅपल या इंग्रजी बँडबद्दल सगळं सांगितलं.

बहात्तर साली, सतरा वर्षांचा असताना, अंधेरीच्या एका इराण्याकडे ज्यूकबॉक्सवर त्याने त्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. तबकडी तिथे चुकूनच आली असावी. चहा पिणारे लोक कानांवर हात ठेवून उठून गेले. आठवडाभर दत्ताराम रोज येऊन तेच गाणं लावतो हे बघून वैतागलेल्या इराण्याने ती काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, घेऊन जा, नायतर माझा धंदा बुडवशील. घरी वाजवायला काहीच नव्हतं. तीन वर्षं ती तबकडी आईच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली मुकी पडून होती. अधूनमधून तो ती बाहेर काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. पुढे टेप आला, मालाडच्या एका दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेट आल्या. तबकडीवर छापलेल्या इंग्लंडच्या पत्त्यावर त्याने एकदा पत्रही टाकलं. उत्तर आलं नाही. त्याला त्याचा राग आला नाही, देवाकडून तरी कुठे उत्तरं येतात.

एवढ्या वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं की त्यात तुला काय सापडतं. वडील म्हणायचे, मोरीत भांडी पडल्यासारखं वाटतं. शॉपमधले हसायचे. प्रेमाने कधी नाक मुरडलं नाही, पण कधी विचारलंही नाही. त्यामुळे फॉर्मवरचा तो प्रश्न त्याला आपल्याबद्दलचा प्रश्न वाटला. डॉक्टरने मान डोलावत ऐकून घेतलं आणि एक ओळ लिहिली. आयर्न चॅपल या विदेशी बँडचं कर्कश संगीत, रोज, पंधरा वर्षं, स्वखुशीने. कंपनीला एवढं पुरलं.

मुली अभ्यासाला बसायच्या म्हणून टेप इतका हळू लावायचा की कान जाळीला टेकवल्याशिवाय शब्द कळत नसत, हे प्रेमा शपथेवर सांगायला तयार होती. भाऊंनी तिला गप्प केलं. खरं काय ते कुणी विचारत नाही ताई, कागदावर काय आहे ते बघतात. तेव्हा जे आहे ते पुसायचं. कंपनीचा माणूस घर बघायला येणार होता म्हणून तिने कालच सगळ्या कॅसेट आणि ती तबकडी एका खोक्यात भरून दिंडोशीला बहिणीकडे, लताकडे पोचवली होती. खोक्याला सुतळी दत्तारामनेच बांधली. गाठ मारताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"एक लक्षात ठेव," शिपायाने नाव पुकारल्यावर भाऊ म्हणाले. "साहेब ओरडला तर घाबरू नको. पण साहेब गोड बोलायला लागला ना, तर जास्त सांभाळ."

आत बोर्ड म्हणून एकच वयस्क डॉक्टर आणि कोपऱ्यात टंकलेखन करणारा कारकून होता. डॉक्टरांनी पोलादी नादकाटा टेबलावर आपटून कानामागे धरला, कधी ऐकू येतं कधी थांबतं ते विचारलं, आकडे लिहिले. मग दवाखान्याचा कागद पुढे ओढून तेच प्रश्न विचारले, जवळजवळ भाऊंच्याच शब्दांत. कुठेच नाही. इंग्रजी येत नाही, साहेब. शेजाऱ्याचा टेप होता. पहिल्या नकाराला त्याची जीभ जड झाली, तिसरा आपोआप बाहेर पडला, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं. डॉक्टर बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. नंतर त्यांनी लिहिलं आणि कागद त्याच्याकडे फिरवून वाचायला दिला. बहिरेपण कामाच्या स्वरूपामुळे. खाली सही. कारकून फाईल घेऊन शिक्का मारायला पलीकडच्या खोलीत गेला.

दत्तारामने हात जोडले. उठणार तोच डॉक्टरांनी त्याला बसायची खूण केली. ते टेबलाला वळसा घालून आले, स्टूल ओढून त्याच्या उजव्या बाजूला बसले आणि त्यांनी चष्मा काढला.

"तुमचं काम झालंय," ते म्हणाले. "मी लिहिलेलं आता बदलत नाही. हे मी डॉक्टर म्हणून विचारत नाहीये."

दत्ताराम त्यांच्या ओठांकडे बघत राहिला.

"या आयर्न चॅपलचं चित्र माझ्या मुलाच्या खोलीत आहे. भिंतभर. एकोणीस वर्षांचा होता. मार्चमध्ये आरेच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली."

इतक्या जवळून बोलत होते की एकही शब्द सुटला नाही. पुढचं ते थांबत थांबत बोलले. मुलगा होता तेव्हा आपण दार बडवून ते बंद करायला लावायचो. आता रोज संध्याकाळी त्याची एक टेप लावून बसतो आणि दोन मिनिटांच्या वर ऐकवत नाही. आपल्या ओळखीत हे ऐकणारं कुणी नाही. त्याच्या मित्रांना विचारावं तर ती मुलं रडायला लागतात.

"काय असतं हो त्यात?" डॉक्टरांनी विचारलं. "तुम्ही ऐकत असलात तर सांगा मला."

उत्तर दत्तारामच्या गळ्याशी तयार होतं, कित्येक वर्षं तयार होतं. दिवसभर जो घण माझ्या डोक्यात पडतो ना साहेब, तोच घण संध्याकाळी ही माणसं उचलून माझ्या हातात देतात. तुमच्या मुलालाही काहीतरी मिळत असेल हातात. आणि दोन मिनिटांनी बंद करू नका, तिसऱ्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबतात आणि गाणारा एकटा गातो, तिथपर्यंत थांबा. एवढंच सांगायचं होतं. त्याने दाराकडे बघितलं. कारकून अजून आला नव्हता, म्हणजे शिक्का अजून बसला नव्हता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि दत्तारामचं तोंड नेमकं याच प्रश्नाने पोळलं होतं. डॉक्टरांचे डोळे चष्म्याशिवाय लहान आणि लालसर दिसत होते. खोटं बोलणाऱ्या माणसाचे असे असतात का, हे त्याला ठरवता येईना.

"शेजाऱ्याचा टेप होता, साहेब," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली.

"हो. म्हणालात तुम्ही मघाशी."

ते उठून आपल्या खुर्चीवर गेले. कारकून परत आला. त्याने कागदाची प्रत दत्तारामच्या हातात ठेवली. जांभळा शिक्का अजून ओला होता. आता बोलता आलं असतं. दत्ताराम कागद धरून तसाच उभा राहिला, पण डॉक्टरांनी चष्मा लावून पुढची फाईल उघडली होती आणि शिपायाने दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुकारलं होतं.

बाहेर भाऊंनी कागद वाचला आणि त्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो पुढे झुकला. प्रेमाने कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पदराने डोळे पुसले. गेल्या दोन महिन्यांत ती पहिल्यांदा नीट हसली. मग त्याच्या उजव्या बाजूला येऊन तिने विचारलं,

"एवढा वेळ काय विचारत होते हो?"

"काही नाही," दत्ताराम म्हणाला. "तेच. पाठ केलेलं."