कपाळावरचा मंगळ

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात, धाकट्या दिराच्या अंगणात सारं गाव दाटलं होतं. गावात आलेल्या महाराजांच्या हातात मोबाइलला जोडलेली चिमुकली दुर्बीण. ज्याच्यावर धरावी त्याचं कपाळ पडद्यावर निळं. माझी पुतणी समीक्षा तेवढी लालभडक!

"शास्त्रज्ञ ह्याच उष्णतेच्या किरणांनी मंगळ पाहतात," महाराज गरजले. "आम्ही तो कुठं बसला ते पाहतो! एकवीस दिवस कोंडा, नाहीतर बाप जाईल!"

पुंडलिकभाऊजींनी पोरीला कापसाच्या खोलीत घालून कुलूप लावलं. तिच्या नर्सिंगच्या प्रवेशाला चारच दिवस उरलेले. खोलीला खिडकी नाही. दाराच्या फटीतून बोटं तेवढी दिसत.

"मोठ्याई, मले भेव लागून राह्यलं. खरंच मंगळ असंन का वं?"

मी सातवी पास. पण लायब्ररीतलं ग्रहांचं पुस्तक तीनदा वाचलेलं. ग्रहाच्या उष्णतेचा न दिसणारा प्रकाश टिपून जमिनीवरच्या दुर्बिणी सांगतात, तिथली माती किती तापली, हवेत काय आहे. पण आपल्याच हवेतली वाफ तो प्रकाश वाटेत गिळते. म्हणून दुर्बिणी उंच, कोरड्या डोंगरांवर. शिवाय आपल्या हवेचा अडथळा आधी वजा करायचा, मगच ग्रहाबद्दल बोलायचं.

महाराजांचं यंत्रही ऊबच पाहत होतं. मग इथं मधे काय आलं?

"समीक्षा, तीर्थ घेतलंतं का तू?"

आतून हळूच, "पाळी होती, मोठ्याई. तीर्थाले हात कसा लावू?"

माठातलं गार तीर्थ! सगळ्यांनी पिऊन ओला हात कपाळाला पुसला होता; गार कपाळ निळं, कोरडं उबदार ते लाल. म्हणूनच महाराज तीर्थ आधी वाटत. बिनतीर्थाची एखादी पोर कुठल्याही गावात सापडतेच, आणि ती कारण सांगत नाही.

चारचौघांत पाळीचं आणि तीर्थाचं मीच सांगितलं. माना खाली गेल्या.

"बाई, लाज धर!" महाराज ओरडले.

"धरली असती, पण पोरगी कोंडून हाये. भाऊजी, कपाळ पुसा कोरडं."

सगळ्यांनी कपाळं पुसली, चहा होईस्तोवर थांबलो. शेजारच्या बंटीनं महाराजांच्या हातचं यंत्र घेऊन धरलं. भाऊजी लाल. शेजारची कांताबाई लाल. महाराजांचं टक्कल तर निखारा.

"अवो, मंगळ महाराजाच्या टकलात बी शिरला!" कांताबाई म्हणाली.

हशा पिकला, पण भाऊजींची किल्ली मुठीतच. "वहिनी, मले काही झालं तं?"

"बाबा, मले तीर्थ द्या," आतून आवाज आला.

भाऊजींनी किल्ली फिरवली. मग कुलूप निघालं. त्यांनी माठात हात बुडवला आणि स्वतःच लेकीच्या कपाळावरून फिरवला.

पडदा निळा.

बायांनो, बापांनो, यंत्र खोटं बोलत नाही. ते धरणारा बोलतो. पोरीला कोंडायच्या आधी एवढंच विचारा: मधे काय आलं?