सीट भरल्याशिवाय गाडी सुटणार नाही

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन चांगदेवला नऊ वर्षं झाली होती, पण त्याची नजर काही निवृत्त झाली नव्हती. रस्त्यानं कुठलीही गाडी गेली की आत किती माणसं आहेत आणि अजून किती मावतील, हे तो बसल्या जागी मोजायचा. जीपमध्ये चारच माणसं दिसली की त्याचा जीव तुटायचा.

दोन हजार नऊच्या चैत्रात, पिंपळदऱ्यातल्या भैरवनाथाच्या जत्रेला पंधरा दिवस असताना, त्याची सून ज्योत्स्ना घोडेगावच्या पंचायत समितीतून एक छापील कागद घेऊन आली. ती तिथंच नोकरीला होती. पुण्याची कुठली तरी संस्था तालुक्यातल्या जत्रांवर लक्ष ठेवणार होती. ज्या जत्रेत कमीत कमी धूर होईल, तिथल्या देवळाला सौरदिवा मिळणार होता. संध्याकाळी देवळासमोर बैठक बसली आणि ज्योत्स्नानं सगळं नीट समजावून सांगितलं.

"प्रत्येक माणसामागं कार्बनचं पाऊल उमटतं. जेवढ्या गाड्या जास्त, तेवढं ते पाऊल मोठं."

"कार्बन म्हंजी पावतीबुकातला निळा कागद?" गेणूनं विचारलं. पिंपळदऱ्याच्या जत्रा कमिटीत तो सगळ्यात मोठ्या आवाजाचा होता.

"तो न्हाई वो. धुरातला."

पुढंच बसलेल्या बयाबाईनं उठून आपण बसलो होतो ती जागा पदरानं पुसून घेतली.

गेल्या जत्रेला गावात किती गाड्या आल्या होत्या, हे कुणालाच सांगता येईना. चांगदेव म्हणाला, "एकशे बत्तीस. त्यातल्या निम्म्या रिकाम्या. मी पाराव बसून मोजल्या व्हत्या." आणि मग तो उठून उभा राहिला. "ह्या वर्साला फाटा माझ्याकडं द्या. एकबी गाडी सीट भरल्याबिगर आत सोडणार न्हाई."

जत्रेच्या दिवशी तो सकाळी सातलाच डिंभ्याच्या रस्त्यावरच्या फाट्यावर हजर झाला. तिथून गाव चार किलोमीटर आत. अंगात जुना खाकी शर्ट, तोही पोटावर बटण तुटायच्या बेतात, आणि गळ्यात शिट्टी. नियम त्यानं स्वतःच केले होते. लहान गाडीत कमीत कमी चार, जीपमध्ये बारा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहायला जागा असेल तोवर. मोटारसायकली आणि रिकाम्या पडणाऱ्या गाड्या सगळ्या फाट्यावरच्या वावरात लावायच्या.

"पुढं सरका, पुढं सरका! मावशी, पिशवी मांडीव. ओ पावणं, दार आडवू नका!"

लोक आधी चिडले, पण शिट्टीपुढं कुणाचं चालेना. आळेफाट्याहून दोघं जण चकचकीत इंडिका घेऊन आले होते. त्यांच्या मागच्या सीटवर तीन अनोळखी म्हाताऱ्या आणि एक पत्र्याची पेटी बसली. एका माणसानं तर हात जोडून सांगितलं, "अहो, मी जत्रेला आलोच नाही. मला डिंभ्याला जायचंय." चांगदेवनं आयुष्यभर असल्या सबबी ऐकल्या होत्या. "सगळे असंच म्हणत्यात," असं म्हणून त्यानं त्याला ट्रॉलीत चढवलं आणि शिट्टी फुंकली. नऊ वर्षांत इतका चांगला दिवस त्याच्या वाट्याला आला नव्हता.

दीड वाजता वर्दळ संपली. ऊन मी म्हणत होतं. तो घराकडं निघणार, एवढ्यात एक पांढरी मारुती येऊन थांबली. आत दोघंच होते. पारगावचा बहिरू आणि त्याची बायको द्रौपदा. म्हणजे चांगदेवच्या लेकीचे, स्नेहलचे, सासू-सासरे.

व्याह्याव्याह्यांत चार वर्षं बोलणं नव्हतं. स्नेहलच्या लग्नात वऱ्हाड दोन तास उशिरा आलं, तेव्हा चांगदेवनं माइक हातात घेऊन सवयीनं जाहीर केलं होतं, "पारगावहून येणारी गाडी उशिरा धावत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." सगळा मांडव हसला होता. बहिरू अजून हसला नव्हता. या वर्षी द्रौपदानं फार मागं लागून त्याला जत्रेला आणलं होतं, आणि त्यानंही मानाचा गुलाबी फेटा बांधला होता.

बहिरूनं काच खाली घेतली आणि समोर बघत म्हणाला, "रस्ता सोडा."

"दोन सीटा मोकळ्या हायत," चांगदेव झाडाकडं बघत म्हणाला. "चार झाल्याबिगर गाडी सुटणार न्हाई."

"आता कोन येतंय हितं?"

"येतील तवा येतील."

बहिरूनं इंजिन बंद केलं. द्रौपदानं कपाळाला हात लावला. अर्धा तास तसाच गेला. मग वळणावरून कुशाबाई येताना दिसली. गावातलीच बाई, भावाकडून एक दुभती शेळी घेऊन पायी परत चालली होती.

"बसा कुशाबाई, बसा!" चांगदेवनं मागचं दार उघडलं. कुशाबाई बसली. तिच्या मागोमाग शेळीही शिरली.

"झाल्या चार," बहिरूनं किल्ली फिरवली.

"शेळी लगेजमधी धरत्यात. सीट न्हाई."

बहिरू आता पहिल्यांदा त्याच्याकडं वळला. "मंग चौथं तुमीच बसा की राव! का कंडक्टरला गाडीत बसायची बंदी हाय?"

नियमात तशी बंदी नव्हती. चांगदेव मागं बसला. शेळी मधोमध, पुढच्या दोन सीटांच्या फटीत तोंड घालून उभी. गाडी निघाली.

पहिल्याच वळणावर शेळीला बहिरूच्या फेट्याचा पाठीवर सोडलेला शेमला दिसला. तिनं तो तोंडात घेतला आणि शांतपणे चावायला लागली. चांगदेवनं बघितलं. त्याला इतकं समाधान झालं की त्यानं डोळेच मिटून घेतले. दुसऱ्या वळणापर्यंत वीतभर गेला. तिसऱ्या वळणावर मात्र त्याला राहवेना. मानाचा फेटा, आणि माणूस आपल्या दारी येत होता. त्यानं शेमला ओढला, शेळीनंही ओढला, आणि सगळा फेटा उलगडत मागच्या सीटवर आला.

बहिरूनं करकचून ब्रेक मारला. त्यानं टकलावर हात फिरवला, शेळीच्या तोंडातलं गुलाबी टोक बघितलं, आणि फेटा दोन्ही हातांनी धरून बसलेला व्याही बघितला.

"प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल," चांगदेव हळूच म्हणाला, "दिलगीर हाय."

आधी द्रौपदा हसली. मग कुशाबाई. बहिरूनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

घरी पोचले तर ओट्यावर वीस-पंचवीस माणसं बोटं चाटत बसलेली. चांगदेवला त्यातलं एकही तोंड ओळखू येईना. सकाळपासून तो माणसं अशी कोंबत होता की कुणाचे पाहुणे कुणाच्या गाडीत गेले याला धरबंध राहिला नव्हता, आणि देवळापाशी जो उतरेल त्याला समोरचा घरी ओढून नेत होता.

"मला वाटलं, हे तुमचे एसटीतले," चिमाबाई नवऱ्याला म्हणाली. "पातेलं घासून ठेवलंय. आता मटणाचं आळणीबी न्हाई, भाकरीबी न्हाई."

मग दोघे व्याही, एक बोडका आणि एक खाकीतला, जेवण शोधत गावभर फिरले. तिसऱ्या घरी बयाबाईनं त्यांना वाढलं. तिथं, ज्याला डिंभ्याला जायचं होतं तो माणूस चौथी भाकरी मोडत होता. चांगदेवला बघून तो नुसता हसला आणि रश्श्याची वाटी त्याच्याकडं सरकवली. बहिरूनं आपल्या ताटातली नळी उचलून व्याह्याच्या ताटात ठेवली.

यंदा गावात गाड्या आल्या अवघ्या चोवीस. ज्योत्स्नानं आकडा संस्थेला कळवला आणि गावानं देवळावर दिव्याची जागाही ठरवली. महिन्यानं पत्र आलं. दिवा डोंगरातल्या एका वाडीला मिळाला होता. तिचा रस्ता दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेल्यामुळं तिथल्या जत्रेला एकही गाडी पोचली नव्हती.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत गेणूनं गावाचा रस्ता उखडायचा ठराव मांडला. सात हात वर झाले. एकटा चांगदेव विरोधात उभा राहिला आणि अर्धा तास इतक्या जोरात बोलला की शेवटी सातही हात खाली आले.