काळे न झालेले आसन

मित्रांनो, मी एक जुने आसन आहे. पण माझ्यावर राजा कधी बसला नाही. आम्हा आसांते लोकांच्या अबेतिमा गावात राजाची आसने वेगळी आणि राजमातेचे वेगळे. मी राजमातेचे, म्हणजे राजाच्या आईकडच्या कुळातल्या सर्वांत मानाच्या बाईचे; ती राजाची आईच असते असे नाही. तिचे नाव नाना बिरागो. 'नाना' हा आमच्याकडे मानाचा शब्द आहे, तो बाईलाही लावतात.

मी सेसेच्या झाडातून जन्मलो. त्याचे लाकूड पांढरे असते आणि वजनाला अगदी हलके. आसने कोरणाऱ्या तवियाने मला कोरले. त्याने झाडावर एकदम कुऱ्हाड घातली नाही. आधी बुंध्यावर एक अंडे फोडले, मुळाशी ताडी ओतली आणि म्हणाला, "बाबा रे, तुला तोडतोय, पण मारत नाही. राजमाता बसणार आहे तुझ्यावर. तेवढं माझ्या हातावर कुऱ्हाड येऊ देऊ नकोस."

एकाच ओंडक्यातून त्याने माझे पाय कोरले, मधला नक्षीचा खांब कोरला आणि वरची बैठक चंद्रकोरीसारखी वळवली. बिरागो मला पाहायला आली तेव्हा ती तरुण होती. तिची मावशी नुकतीच वारली होती आणि राजमातेचा मान तिच्याकडे आला होता.

"नाना, बसून बघा," तविया म्हणाला. "टोचत असेल तर आत्ताच सांगा. नंतर दरबारात चुळबूळ करू नका."

ती बसली, जरा हलली. "थोडं टोचू दे. फार सुखाचं असलं की माणसं बसल्या बसल्या पेंगतात. म्हाताऱ्या मंडळींना रोज बघते मी दरबारात."

तविया पोट धरून हसला. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

आमच्याकडे अशी समजूत आहे की माणसाचा जीव त्याच्या आसनात उतरतो. म्हणून मालक उठला की आसन आडवे करून ठेवतात. उभे आणि रिकामे राहिले तर कुणीतरी भटका आत्मा येऊन बसतो. बिरागो उठली की स्वतःच्या हाताने मला आडवा करी. दुसऱ्या कुणाला करू देत नसे. मला धुण्याचे काम मात्र दुफीचे. दुफी तिची बालमैत्रीण. ती सुबिरी नदीची बारीक वाळू आणि लिंबू घेऊन येई आणि मला पांढराशुभ्र होईपर्यंत घाशी. घासता घासता सगळ्या गावाच्या कागाळ्या सांगे.

माझ्यावर बसून बिरागोने किती भांडणे मिटवली. सवतींची भांडणे, बागेच्या बांधांची भांडणे, मुलीला नको असलेल्या लग्नांची भांडणे. बायका रडत येत आणि जाताना नाक पुसून हसत जात. भर दरबारात राजाला अरेतुरे करण्याचा, त्याचा कान धरण्याचा मान एकट्या राजमातेचा. आणि राजा गेला की पुढचा राजा कोण, ते नावही तिनेच सांगायचे.

तो दिवस आला. म्हातारा राजा वारला आणि वडीलधारी मंडळी तिच्या अंगणात आली.  बिरागोने नाव घेतले, "अदोमाको."

अदोमाको तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्याला जन्म देताना बहीण गेली. बिरागोने त्याला स्वतःचे दूध पाजून वाढवले. आमच्यात मावशीला आईच म्हणतात, पण त्याला तर दुसरी आई माहीतच नव्हती.

मंडळी गेल्यावर दुफी म्हणाली, "नाना, रागावणार नसाल तर बोलते. पोरगा गुणी आहे, पण कुणी हसलेलं त्याला खपत नाही. लहानपणी खेळात हरला की तुमच्या पदराआड लपायचा, आठवतंय ना?"

"आता लपायला राजाची मोठी छत्री आहे त्याला," बिरागो म्हणाली. "माझ्या दुधावर वाढलाय तो, दुफी. माझं ऐकेल."

पहिली काही वर्षे त्याने ऐकले. सणाच्या दिवशी तो पायातले जोडे काढून आसनांच्या घरात जाई. तिथे आमच्या पूर्वजांची आसने असतात. मानाने बसलेला, मानाने गेलेला माणूस असेल तर त्याचे आसन काजळी आणि अंड्याच्या बलकाने काळे करतात आणि त्या घरात ठेवतात. मग दर सणाला राजा त्यांच्यापुढे कुस्करलेला कंद ठेवतो आणि एकेकाचे नाव घेऊन बोलतो. काळे होणे हे प्रत्येक आसनाचे स्वप्न असते, मित्रांनो. काळे झाले की विसरले जात नाही.

पुढे एके सकाळी दुफी वाळू घेऊन आली आणि मला घासू लागली. घासावे तसा मी मातकट होत चाललो.

"नाना, आजची वाळू घासायची नाही, लिंपायची आहे," ती म्हणाली. "वरच्या अंगाला यंत्रं बसवलीत. सोनं शोधतायत. सुबिरीचं पाणी बघवत नाही."

सुबिरीचे पाणी पूर्वजांना वाहायचे पाणी. बिरागो स्वतः काठावर जाऊन आली. आल्यावर तिने माझ्यावर बसकण मारली आणि पायाचा चिखल कितीतरी वेळ धुतला नाही. मग मला घेऊन ती दरबारात गेली.

"नदी कुणाला विचारून दिलीस?" तिने विचारले.

अदोमाको शांतपणे म्हणाला, "आई, गावात दवाखाना नाही. बाळंतपणात बायका मरतात. माझी जन्मदाती तशीच गेली ना? दवाखाना कशातून बांधू? नदीकाठच्या वाळूतून?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दरबारात कुजबुज झाली.

"बांध दवाखाना," बिरागो म्हणाली. "आणि बाळंतिणीला पाणी कुठलं पाजशील? तुझ्या यंत्रातलं?"

मागून कुणीतरी हसले. मग दोघे हसले, मग पुष्कळजण. अदोमाकोचा चेहरा मी समोरून पाहत होतो. पदराआड लपणारे पोर क्षणभर त्या चेहऱ्यावर आले, पण या वेळी पदर समोरच्या बाजूला होता.

थोड्याच दिवसांत काही वडीलधाऱ्यांनी बिरागोवर आरोप ठेवला. तिने नदीच्या नावाने राजाला शाप दिला, असे ते म्हणाले. आमच्याकडे याहून मोठा अपराध नाही. तिने शाप दिला नव्हता. दरबारात ती बोलली तेव्हा मी तिच्याखालीच होतो, मी ऐकले असते.

निवाड्याच्या आदल्या संध्याकाळी अदोमाको एकटाच तिच्या अंगणात आला. तिने त्याच्यापुढे ताडफळांच्या रश्श्याचे भांडे ठेवले. तो जेवला नाही.

"आई, एक मेंढा दे आणि माफी माग. बाकीचं मी मिटवतो."

"कशाची माफी?"

"लोकांसमोर माझं हसं केलंस."

"हसले ते लोक. मला रडू येत होतं." ती थांबली. "तू नदी सोड. मी मेंढा काय, गाय देते. तुझ्या पाया पडते."

"आता मागे फिरलो तर मला राजा कोण म्हणेल?"

"मी म्हणेन."

तो उठला, दारापर्यंत गेला, तिथे थांबला. मला वाटले, वळेल. तिलाही वाटले असणार, कारण माझ्या कडेवर तिची बोटे घट्ट आवळली गेली. तो वळला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला भर चौकात माझ्यावर बसवले. सोन्याच्या मुठीचा दंड घेतलेल्या प्रवक्त्याने आरोप वाचला. तिच्या पायातले जोडे काढले. मग एक माणूस मागून आला आणि त्याने मला तिच्याखालून ओढले.

तवियाने मला सेसेच्या लाकडातून केले होते. मी फार हलका होतो. एका हाताने निघालो.

ती मातीवर पडली. राजमातेचे अंग मातीला लागले की ती राजमाता राहत नाही.  अदोमाको छत्रीखाली बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होता.  बिरागोने वस्त्र सारखे केले, माझ्याकडे पाहिले आणि मातीत बसूनच म्हणाली, "दुफी, आसन उभं राहिलंय. आडवं कर."

हे तिचे मी ऐकलेले शेवटचे शब्द.

ती लांबच्या कोकोच्या बागेतल्या झोपडीत राहायला गेली. मला राजवाड्यातच ठेवले, आसनांच्या घराशेजारच्या खोलीत. दुफी अधूनमधून बागेत जाई आणि येऊन मला धुताना तिची खबर सांगे. तिचे गुडघे दुखतात. ती खोकते. ती माझी चौकशी करते. आणि एके दिवशी दुफी आली ती तांबडे सुतकाचे वस्त्र नेसून. तिच्या पदरात अंडी होती आणि एका करवंटीत काजळी.

"नाना गेल्या," ती वडीलधाऱ्यांना म्हणाली. "आसन काळं करा."

"मातीला लागलेल्या बाईचं आसन काळं होत नाही," ते म्हणाले. "तुला रीत माहीत आहे."

"रीत माहीत आहे. त्या का पडल्या, तेही माहीत आहे."

 दुफीने अंडी तशीच परत नेली. जाताना माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "काळं करत नाहीत ना? मग मी धुतच राहते. धुतात ते जिवंत माणसाचं आसन."

त्यानंतर अदोमाको माझ्या खोलीत आला. त्याच्या एका शब्दाने मी काळा झालो असतो. तो जमिनीवर, मातीवर बसला. राजाने असे बसायचे नसते. त्याने माझ्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ 'आई, आई' म्हणत राहिला. मग उठून डोळे पुसले, अंगावरची माती झटकली आणि निघून गेला. तो शब्द त्याने उच्चारला नाही.

सणाच्या दिवशी भिंतीपलीकडून मला त्याचा आवाज ऐकू येतो. तो पूर्वजांची नावे घेतो. बिरागोच्या मावशीचे नाव झाले की पुढे बिरागोचे यायला हवे; तिथे तो जरासा अडतो, श्वास घेतो आणि पुढच्या नावावर जातो.

दुफी पुष्कळ वर्षे येत राहिली. नदी गढूळच होती, म्हणून ती लांबच्या ओढ्यावरून वाळू आणी. मग तिचे येणे थांबले. का, ते मला सांगायला कुणी आले नाही. आता माझ्यावर धूळ आहे, एका पायाला वाळवी लागली आहे. मी धड पांढरा नाही, धड काळा नाही.

मित्रांनो, मला धुवायला या, असे मी म्हणत नाही. तुमच्या घरातही कुणीतरी तुमच्या भल्यासाठी कठोर बोलून एकटे पडले असेल. ते माणूस बसते आहे, बोलते आहे, तोवर त्याच्यापाशी जा. त्याचा हात धरा. नंतर त्याच्या वस्तूंपाशी बसून रडू नका. अबेतिमातले लोक म्हणतात, बिरागोचा जीव माझ्यात उतरला आहे. मी इथे पडल्या पडल्या तिला रोज शोधतो. मला ती अजून सापडलेली नाही. अदोमाको जे बोलला ते माझ्यापाशीच राहिले आहे. मी लाकूड आहे, मित्रांनो. माझ्याकडून तिला निरोप जात नाही.