खेळाडू क्रमांक अकरा

मार्गदर्शक सरांनी प्रबंधाचं चौथं प्रकरण परत दिलं, तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता : 'गाळा'. सरांचं अक्षर इतकं देखणं होतं, की त्यांनी कुणाला फाशीची शिक्षा लिहून दिली असती तरी त्या माणसाने कागद फ्रेम करून घेतला असता.

मॅडम समाजशास्त्राच्या अध्यापिका. वय त्रेचाळीस, नोकरी कंत्राटी. प्रबंधाचा विषय : ऑनलाइन खेळ खेळणारी प्रौढ माणसं आणि त्यांचं हरणं. सहा वर्षं त्या यावर काम करत होत्या आणि सहा वर्षं लोक त्यांना विचारत होते, "म्हणजे तुम्ही बसून गेम खेळता?" सुरुवातीला त्या संशोधनपद्धती समजावून सांगत. नंतर नुसतं "हो" म्हणू लागल्या. "हो" म्हटलं की माणसं पटकन गप्प बसतात, हा त्यांचा खरं तर पहिला निष्कर्ष. पण प्रबंधात त्याला जागा नव्हती.

त्यांनी निवडलेल्या खेळाचं नाव 'पैलतीर'. पडद्यावर एक लहानशी होडी, पुढे समुद्र, पलीकडे एक दिवा. वल्हवत तिकडे जायचं. वादळ आलं की होडी उलटते आणि खेळाडू पुन्हा पहिल्या काठावर. मधे थांबा नाही, गुण नाहीत, बक्षीस नाही. हजारांतला एखादा पोचतो, आणि पोचला की दिवा विझतो. बस्स. तरीही हजारो जबाबदार, चष्मेवाली, मुलाबाळांची माणसं रोज हा खेळ खेळत होती. का, एवढंच मॅडमना हवं होतं.

त्यांनी चोवीस खेळाडूंच्या मुलाखती घेतल्या, त्याही खेळातल्या निरोपपेटीतून, लेखी. नाव विचारायचं नाही असा नियम. प्रत्येकाला क्रमांक. संमतिपत्र मॅडमनी स्वतः लिहिलं होतं : तुम्ही कोण हे आम्ही शोधणार नाही, कळलं तरी कुणाला सांगणार नाही, आणि तुम्ही दिलेली माहिती तुम्ही कधीही, कारण न देता, मागे घेऊ शकता.

तेवीस जणांनी 'वेळ जातो', 'डोकं शांत होतं' असली उत्तरं दिली, जी माणसं माशांच्या टाकीबद्दलही देतात. क्रमांक अकराने मात्र पानंच्या पानं लिहिली. तो तीनशे बारा वेळा निघाला होता आणि एकदाही पोचला नव्हता. 'जिंकल्यावर काय करतात ते मला ठाऊक नाही,' त्याने लिहिलं होतं. 'इतरत्र हरलो की मी कारणं देतो, आणि माझ्या हुद्द्यामुळे लोकांना ती ऐकावी लागतात. इथे ऐकायला कोणी नाही. त्यामुळे मुकाट्याने वल्हं उचलतो.'

चौथं प्रकरण म्हणजे हा एकटा माणूस, चाळीस पानं. ते काढलं तर प्रबंधात उरत होते तक्ते.

"एका माणसावर प्रकरण होत नाही," सर म्हणाले.

"सर, तुम्हीच वर्गात सांगायचात, एक माणूस नीट समजला तरी पुष्कळ झालं."

"ते माणसांबद्दल सांगायचो. हा रिकामटेकडा आहे."

"रिकामटेकडा नाही सर. त्याला हुद्दा आहे, असं तो म्हणतो."

"म्हणणारच. ज्याला नसतो तो जास्त म्हणतो." सरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "गाळा. शुक्रवारी घेऊन या, सही करतो."

सरांचा खेळांवरचा राग जगजाहीर होता. या व्यसनाविरुद्ध नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि 'पडद्यापुढची वाया गेलेली पिढी' हे त्यांचं व्याख्यान दरवर्षी एका तरी सभागृहाला सहन करावं लागे. अशा माणसाकडे हा विषय कसा गेला? विभागात मार्गदर्शक वाटायची पद्धत शाळेतल्या बाकांसारखी होती : जो रिकामा असेल तिथे बसा.

शुक्रवार ही प्रबंध देण्याची शेवटची तारीख होती. पुढच्या महिन्यात कायमच्या जागेची मुलाखत, आणि तिला निदान प्रबंध सादर केल्याची पावती हवी. अकरा वर्षांत अशी जागा पहिल्यांदा निघाली होती. मॅडम "बरं सर" म्हणाल्या. घरच्यांना ठाऊक होतं, की मॅडमचं "बरं" म्हणजे अजून काहीही ठरलेलं नाही.

रविवारी दुपारी त्या जेवणाच्या टेबलावर प्रकरण घेऊन बसल्या. काय वाचवता येईल ते बघू, म्हणून एकेक पान उलटू लागल्या. नवरा शेजारी इस्त्री करत होता.

सरांना एक खोड होती. चूक दिसली की त्यांचा हात थांबत नसे. उपाहारगृहाचा दरफलक त्यांनी दुरुस्त केला होता, एकदा शोकसभेच्या सूचनेतला स्वल्पविरामही. त्यामुळे जे प्रकरण समूळ गाळायला सांगितलं होतं, तेही त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत तपासलं होतं. वेलांट्या सुधारल्या होत्या, तळटीपांचे क्रमांक लावून दिले होते. आणि एकशे एकतिसाव्या पानाच्या समासात लिहिलं होतं : 'चाळिसाव्या खेपेला होडी उजवीकडे नव्हे, डावीकडे उलटली. दुरुस्त करा.'

मॅडमनी संगणक उघडला. प्रत्येक खेळाडूच्या फेऱ्यांची नोंद हा खेळ फक्त त्या खेळाडूलाच दाखवतो. अकराने आपली नोंद मॅडमना पाठवली होती. ती त्यांनी कुलूपबंद ठेवली होती, सरांनाही दाखवली नव्हती. चाळिसावी खेप : डावीकडे. मॅडमच्या हातून टंकताना चूक झाली होती. आणि ही चूक आहे हे सांगू शकणारी माणसं जगात दोनच होती. त्यांतली एक मॅडम.

"काय गं, भूत बघितलंस का?" नवऱ्याने विचारलं.

"अकरा नंबर कोण ते कळलं."

"कोण?"

"सांगता येत नाही."

"माझ्या ओळखीचा आहे?"

"सांगता येत नाही म्हटलं ना."

"म्हणजे ओळखीचा." नवऱ्याने इस्त्री उभी केली, येऊन पानावर वाकला, समास वाचला, पुन्हा वाचला. "हे अक्षर तर... अगं, हा माणूस आपल्या लग्नात भाषण करून गेला!"

"तू काहीही वाचलेलं नाहीस."

"बरं, नाही वाचलं. पण मग काम झालं की! उद्या जा आणि नुसतं विचार, सर, सध्या समुद्र कसा आहे? चौथं प्रकरणच काय, पाचवंही मंजूर करतील."

"पाचवं नाहीये."

"ते लिहून देतील."

मॅडमना हसू आलं. मग त्यांनी मनाशी हिशेब मांडला. एक वाक्य, एक सही, कायमची नोकरी. आणि संमतिपत्रावर त्यांच्याच हातचं : कुणाला सांगणार नाही. त्यात 'मार्गदर्शकाने अडवल्यास हा नियम लागू नाही' असं कुठेही नव्हतं.

"असं धाकदपटशाने मिळालेलं प्रकरण मी वर्गात कुठल्या तोंडाने शिकवू?" त्या म्हणाल्या. "मला सरांशी बोलायचंच नाहीये. मला अकराशी बोलायचंय."

"ते वेगळे आहेत का?"

"माझ्या कागदांत आहेत."

आणि त्यांनी खेळातली निरोपपेटी उघडून लिहिलं : 'स. न. खेळाडू क्रमांक अकरा यांस. आपल्या मुलाखतीवर आधारलेलं प्रकरण पूर्ण झालं आहे, सोबत जोडलं आहे. आपली माहिती मागे घ्यायची असल्यास तो आपला हक्क आहे. कारण देण्याची गरज नाही. तसं कळवल्यास मी प्रकरण त्याच दिवशी काढेन. मात्र ते आपण सांगितलं तरच काढेन. इतर कुणाच्या सांगण्यावरून नाही.'

शेवटची दोन वाक्यं त्यांनी एकदा खोडली आणि पुन्हा लिहिली.

सोमवारी उत्तर नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी सकाळी सरांनी बोलावणं पाठवलं.

सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. टेबलावर समितीच्या अहवालांचा गठ्ठा.

"गाळलंत?"

"नाही सर. त्या खेळाडूला विचारलंय. उत्तराची वाट बघतेय."

"त्याला कशाला विचारायचं?"

"प्रकरण त्याचं आहे."

सर वळले. "समजा," ते म्हणाले, आणि थांबले. आयुष्यभर ठाम विधानं केलेल्या माणसाला 'समजा' नंतर काय म्हणतात ते आठवायला वेळ लागला. "समजा, एखादा माणूस केवळ तुमची प्रश्नावली कशी आहे हे तपासायला तिथे गेला. विद्यार्थिनीचं काम कच्चं राहू नये म्हणून."

"समजा."

"आणि प्रश्न बरे निघाले. म्हणून उत्तरं देत गेला. उत्तरं खरी द्यायची तर खेळायला हवं, म्हणून खेळत गेला."

"तीनशे बारा वेळा?"

"तीनशे एकोणतीस," सर म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मॅडमनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं. ते वाचण्यासारखं नव्हतं, तरी दोनदा वाचलं.

"अशा माणसाचं हसं होईल, मॅडम. उभ्या विद्यापीठात."

"कुणाला कळणार नाही सर. मी कधी बोलणार नाही. त्याने प्रकरण काढायला सांगितलं तर काढेन, आणि शुक्रवारी तक्ते घेऊन येईन. पण त्याने सांगायला हवं. मार्गदर्शक म्हणून कुणी 'रिकामटेकडा' म्हणालं, एवढ्यावर मी चाळीस पानं फेकणार नाही."

सरांनी चष्मा पुसला. मग खिशातून फोन काढला, तो टेबलाखाली धरला आणि एका बोटाने काहीतरी लिहू लागले. पुष्कळ वेळ लागला. मधेच एकदा मागे जाऊन त्यांनी काहीतरी दुरुस्त केलं. शेवटी फोन खिशात गेला आणि मॅडमच्या पिशवीत टुंग असा आवाज झाला.

"बघा," सर म्हणाले. "महत्त्वाचं असेल."

मॅडमनी वाचलं : 'माहिती मागे घेत नाही. प्रकरण वाचलं, मी बरा दिसतो त्याहून खरा दिसतो, राहू द्या. एक सुचवतो. आपला मार्गदर्शक या प्रकरणाबाबत निःपक्षपाती नाही. त्याला बदला.'

"काय म्हणतो?"

"प्रकरण ठेवा म्हणतात. आणि मार्गदर्शक बदला म्हणतात."

"विचारी माणूस दिसतो."

"अधूनमधून, सर."

सर पहिल्यांदा हसले, पण लगेच गंभीर झाले. "हे बघा, त्याचं म्हणणं बरोबर आहे. ज्याच्यावर लिहिलंय त्यानेच सही केली, तर उद्या कुणीही प्रबंध रद्द करून घेईल. पण मार्गदर्शक बदलला, तर नियमाने नव्याच्या हाताखाली एक पूर्ण सत्र काढावं लागतं. तुमची मुलाखत जाईल. गाळलंत, तर शुक्रवारी सगळं संपतं. तुम्ही ठरवा. मी या वेळी काहीही सांगणार नाही."

मॅडमनी ठरवायला फार वेळ घेतला नाही. सहा वर्षांचे रविवार त्यांनी तक्त्यांसाठी दिलेले नव्हते.

"मार्गदर्शक बदलायचा अर्ज द्या सर."

सरांनी खणातून अर्ज काढला, 'कारण' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'या प्रबंधाबाबत मी निःपक्षपाती राहू शकत नाही,' आणि सही केली. सहा वर्षांतली त्यांची या प्रबंधावरची पहिलीच सही.

विद्यापीठाच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज उलटसुलट केला. "सहा वर्षांनी? तोंडाशी आलेला घास? भांडण झालं का हो?"

"नाही."

"मग हे निःपक्षपाती बिक्षपाती काय आहे? इतका राग?"

"त्यांनी लिहिलंय ते खरं आहे. शिक्का मारा."

"मारतो हो. पण नवीन मार्गदर्शकाची संमती आजच्या आज लागेल, नाहीतर नोंदणीच रद्द होते. साडेपाचला खिडकी बंद."

तेव्हा अडीच वाजले होते. पहिल्या प्राध्यापकांनी विषय ऐकून आपल्या मुलाची तक्रार सांगितली, ती वीस मिनिटं चालली, आणि नकार दिला. दुसऱ्यांनी "त्या सरांनी सोडलेलं काम मी घेऊ? वा!" म्हणून दार लावलं. घरून नवऱ्याचा निरोप आला, 'काय झालं?' मॅडमनी लिहिलं, 'मुलाखत गेली. प्रकरण आहे. उशीर होईल.' विभागात विचारण्यासारखं कुणी उरलं नव्हतं, पण नियमाने शेजारच्या विषयाचा मार्गदर्शकही चालत होता. मग त्या आवार ओलांडून समोरच्या इमारतीत गेल्या, तीन जिने चढल्या आणि अर्थशास्त्राच्या बाईंच्या दारात उभ्या राहिल्या. या बाईंनी आजवर कुणालाच विद्यार्थी म्हणून घेतलेलं नव्हतं.

बाईंनी न बोलता हात पुढे केला, प्रबंध घेतला, अनुक्रमणिका बघितली. चष्म्यावरून मॅडमकडे बघितलं.

"एका माणसावर चाळीस पानं? आणि तो पोचलाही नाही?"

"नाही पोचला," मॅडम म्हणाल्या, आणि कुणी बसा म्हणायची वाट न बघता खुर्ची पुढे ओढली. "तेच सांगायला आलेय. किती वेळ आहे तुमच्याकडे?"