आधी घड्याळ काढायचं

माझ्या धाकट्या भावाला कामावर सगळे दगड म्हणतात. बारसं फोरमनने केलं, बाकीच्यांनी री ओढली. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत आम्ही दोघं कामाला आहोत. तो इस्त्रीच्या गरम रोलरवर, मी कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर, फाटलेलं शिवायला. कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. फक्त समोरच्याने आवाज चढवला, की तो गप्प होतो आणि चेहरा कोरा पडतो.

परवा रोलरमध्ये चादर गुंडाळली गेली. फोरमन तणतणत आला, धाकट्याला बाजूला सारलं, मनगटावरचं घड्याळ काढून पत्र्याच्या टेबलावर ठेवलं आणि चालू रोलरमध्येच हात घातला. शहाणाच तो. बाही अडकली, तसा ओरडायला लागला, बंद कर, बंद कर. लाल बटण धाकट्याच्या हाताशी होतं. धाकटा नुसता उभा. नजर टेबलावरच्या घड्याळावर. शेवटी मी धावत जाऊन बटण दाबलं. फोरमनचा तळहात भाजला, तेवढ्यावरच निभावलं.

मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. धाकट्याने मुद्दाम केलं, उट्टं काढलं, असं फोरमनने मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. धाकटा म्हणाला, "माझा हातच उचलला जात नव्हता." फोरमन हसला. मग मी तोंड उघडलं.

मारायच्या आधी बाबा घड्याळ काढायचे. सावकाश पट्टा सोडवून टेबलावर ठेवायचे, काच फुटू नये म्हणून. घड्याळाची केवढी ती काळजी! ते टेबलावर ठेवल्याच्या आवाजानंतर काय येणार, हे धाकट्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पळालं तर मार जास्त, रडलं तर त्याहून जास्त. हूं की चूं न करता उभं राहिलं, की लवकर आटपायचं. धाकट्याला दाखवायला नेलं होतं, त्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावून सांगितलंय. मेंदू घडायच्या वयात पोर सतत जीव मुठीत धरून राहिलं, तर मेंदू पहारा द्यायलाच शिकतो. पुढे तसलं काही दिसलं, की विचार करणारा भाग मागे पडतो आणि शरीर जुनंच करून मोकळं होतं, माणूस चाळिशीला आला तरी. याला हट्ट म्हणत नाहीत, उट्टं काढणं तर नाहीच.

मालकीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, लहानपणी मार कोणी खाल्ला नाही? हे वाक्य ऐकलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जसा काही मार म्हणजे गोवर, सगळ्यांना येऊन जातो! पण निकाल त्यांच्या हातात. वडिलांनी स्वतः येऊन सांगावं, नाहीतर धाकट्याने उद्यापासून येऊ नये.

बाबा आमच्याकडेच राहतात. त्यांच्या गोळ्या, पथ्यपाणी सगळं धाकटा बघतो. शेजारी त्यांना देवमाणूस म्हणतात. घरी आल्यावर मी त्यांना झालेलं सांगितलं आणि म्हटलं, उद्या चला, खरं काय ते बोला.

"दोन चापट्या मारल्या असतील," बाबा म्हणाले. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

"देव कुठे झालाय, बाबा? लोक दगड म्हणतात त्याला."

बाबांचा चेहरा तापला. काहीबाही बोलता बोलता त्यांचा हात मनगटाकडे गेला. पट्टा सुटला. घड्याळ टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, टक्. खुर्चीतून धड उठवत नाही त्यांना आता, पण हात आपली सवय विसरला नव्हता.

ताटं घेऊन येणारा धाकटा दारातच थिजला. आणि मी, जिला बाबांनी कधी बोटही लावलं नाही, ती भिंतीला पाठ टेकून उभी होते. मी खुर्चीवरून कधी उठले, माझं मलाच कळलं नाही.

बाबांनी धाकट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "येतो उद्या."

एवढं ऐकलं की राग उतरेल असं वाटलं होतं. उतरला नाही. मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवायला मी ते घड्याळ उचललं आणि दिव्याखाली धरून पाहिलं. इतकी वर्षं वापरलेलं घड्याळ, पण काचेवर एक ओरखडासुद्धा नव्हता.