उसनं अंग

आमच्या गावात माणूस मेला की चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, आणि दशक्रिया उरकली की तोच फ्लेक्स कांद्यावर जातो. यात वावगं काही नाही. फ्लेक्स चांगला जाड असतो, पाणी आत येऊ देत नाही. न्हावऱ्यापासून पार दौंडपर्यंत कुठल्याही वस्तीवर जा, कुणाची तरी आजी गोठ्याच्या कुडाला आडवी टांगलेली दिसेल, नाहीतर कुणाचे आबा कडब्यावर पालथे पडलेले असतील. मी हे फ्लेक्स गोळा करते. नवी ताडपत्री द्यायची आणि जुना फ्लेक्स घ्यायचा. लोक ताडपत्री घेतात आणि माझी पाठ वळली की हसतात. म्हस्कूची पोरगी पुण्याला चित्रकला शिकली आणि भंगार गोळा करायला लागली, असं गावात म्हणतात. पुण्यातले लोक त्यालाच कन्सेप्चुअल आर्ट म्हणतात. त्यांनाही त्यातलं फार काही कळतं असं नाही, पण ते हसत नाहीत.

यवतच्या पुढे एका ढाब्यामागे मी गाळा भाड्याने घेतलाय. तिथे एका दुपारी धुऊन वाळत घातलेल्या फ्लेक्सांकडे बघत चहा पीत होते, तेव्हा लक्षात आलं की बायका वेगवेगळ्या आहेत, पण लुगडं एकच आहे. हिरवं इरकली, लाल काठाचं, डोक्यावरून पदर, आणि डाव्या खांद्याशी पदराला लावलेली एक बारकी पिन. चुण्यासुद्धा त्याच. कुशाबाई, रंगुबाई, दगडाबाई, सगळ्यांचे चेहरे आपापले आणि मानेखाली सगळ्या एक. मी भिंग घेऊन प्रत्येकीच्या खांद्यावरची पिन तपासली. पिनही तीच होती.

न्हावऱ्याच्या चौकात पप्पूचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याला विचारलं, तर तो मान वर न करता म्हणाला, "बॉडी हाय ती."

"म्हणजे?"

"आपल्या म्हाताऱ्यांचे फोटू कुठं असत्यात? आधार कार्डावरचा, न्हाईतर कुणाच्या तरी लग्नातला, अर्धं तोंड दिसनारा. तोंड कापायचं आन् बॉडीला लावायचं. विधवा आसली तर मंगळसूत्र पुसायचं. झालं."

"पण ही बाई कोण?"

"काय म्हाईत. दौंडच्या एका स्टुडिओवाल्याकडनं सीडी आणली हुती, तिच्यात आली. बाप्यांच्या बी हायत्या, कोटातल्या. दावू का?"

खरं सांगायचं तर मला आनंदाने नाचावंसं वाटलं. वर्षानुवर्षं भंगार उपसून हाताला असं काही लागतं. मी पुण्याच्या गॅलरीत त्या सगळ्या बायका ओळीने टांगल्या, सगळ्यांच्या पिना एका रेषेत येतील अशा. प्रदर्शनाला नाव दिलं 'उसनं अंग'. क्युरेटर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्घाटनाला मी बोलले. ज्या बाईला जिवंतपणी अंगभर धड कापड मिळालं नाही, तिला मेल्यावरही स्वतःचं अंग मिळत नाही, असं काहीतरी म्हणाले. टाळ्या पडल्या. मी चांगली बोलते.

कुणीतरी त्याची रील केली. ती फिरत फिरत रांजणगावच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोचली आणि मल्हारीदादाने जेवताना बघितली. मल्हारीदादा म्हणजे रंगुबाईचा मुलगा. आमच्या वस्तीपासून दोन बांध सोडून त्याचं घर. त्याच्या आईचा फ्लेक्स मी त्याच्याच बायकोकडून ताडपत्री देऊन आणला होता.

पहिली पाळी सुटल्यावर तो तसाच, कंपनीच्या शर्टावर आमच्या घरी आला. आप्पा पाणी द्यायला शेतात गेले होते, मी एकटीच होते. मला वाटलं हा आता शिव्या घालणार, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली. तर तो उंबऱ्याशी बसला आणि हळूच म्हणाला, "धनश्री, त्ये तू कम्प्यूटरवर केलंस ना?"

"काय?"

"आईचं लुगडं बाकीच्या बायांला लावलंस त्ये. कलाकार लोक करत्यात आसं. माझं काय म्हननं न्हाई. पण कंपनीतली पोरं हसाय लागली. तेवढं येक सांग त्यास्नी, का आईचं खरं हाय."

"दादा..."

"आमच्या पूनमच्या लग्नात नेसली हुती ती. पंगतीत काठावर आमटी सांडली, तर रडाय लागली. मी सवता धुतला काठ, हिरीवर नेऊन. डाग कसला जातोय. पार झिजस्तवर नेसली पण."

मी 'हो' म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण खरं बोलायची मला फार हौस. शिवाय माझं काम खोटं आहे असं तो म्हणत होता, ते माझ्या डोक्यात गेलं.

"दादा, ते लुगडं काकूंचं नाही," मी म्हणाले. "कधीच नव्हतं. पप्पूच्या कम्प्यूटरमध्ये आहे ते. चला, आत्ता दाखवते. तुम्ही फ्लेक्सवर बघितलं आणि मग तुम्हाला तसं आठवायला लागलं. सगळ्यांचं असंच होतं. खरं काय ते एकदा बघून घ्यावं माणसाने."

तो हातातलं कंपनीचं ओळखपत्र उलटसुलट करत होता. मग म्हणाला, "पानी दी जरा."

मी तांब्या भरून आणला, तर तो आत येऊन भिंतीपाशी उभा होता. माझ्या आईच्या फोटोसमोर. फ्रेमच्या काचेवर त्याने बोट ठेवलं होतं, डाव्या खांद्यापाशी.

"ह्यो पुन्याला न्यायचा राह्यला की तुझा," तो म्हणाला. पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि निघून गेला.

त्या फोटोला मी घरी असले की रोज उदबत्ती लावते. हिरवं लुगडं, लाल काठ, बारकी पिन. फ्लेक्सवरची पिन मी भिंग लावून शोधली, आणि ही हातभर अंतरावर असून मला दिसली नव्हती. दिसणार कशी? मी फोटोकडे कधी बघितलंच नव्हतं, मी आईकडे बघत होते. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिची एकच आठवण माझ्याकडे आहे. मी तिच्या मांडीवर आहे, हिरव्या लुगड्याचा गुळगुळीत काठ माझ्या गालाला लागतोय, आणि त्याला डांबरगोळ्यांचा वास येतोय. बाकी काही नाही. आजवर मी गावातल्या प्रत्येक वस्तूचं काहीतरी केलं, पण ही आठवण कुठे वापरली नाही. ती माझी होती.

आप्पा आले, ओट्यावर पाय धुवायला लागले. मला तेवढाही दम निघाला नाही.

"आप्पा, आईचं हिरवं लुगडं कुठंय?"

"कंचं?"

"फोटोतलं."

"त्ये व्हय? त्ये स्टुडिओवाल्यानं घातलंय. तिचा येकच फोटू हुता, जत्रतला, घोळक्यात उभी. तू दौंडला वसतिगृहात हुतीस, तवा करून आणला मी. दिवाळीला आलीस आन् लई येळ बघत बसलीस."

"पण मला ते लुगडं आठवतंय. त्याला डांबरगोळ्यांचा वास यायचा."

आप्पा हसले. "डांबरगोळ्या? आपल्याकडं पेटी तर हुती का? मेंढरांमागं हिंडायचो, पालावर ऱ्हायचो. दोन लुगडी तिला, येक अंगावर आन् येक वाळत. मेंढरांचा वास यायचा तिला. तुला न्हाई आठवत?"

मला नाही आठवत. मी डोळे मिटून बघितलं. लुगडं बाजूला केलं तर खाली कुणीच नव्हतं.

"आप्पा, नीट आठवा," मी म्हणाले. त्यांचा ओला हात मी धरून ठेवला होता. "कुणाच्या तरी लग्नात नेसली असेल. कुणाचं मागून आणलं असेल. एकदा तरी."

त्यांनी खोटं बोलावं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एवढंच हवं होतं मला, की माझ्या बापाने आयुष्यात एकदा माझ्यासाठी खोटं बोलावं. आप्पांनी ते मनावर घेतलं. बराच वेळ ते आठवत राहिले, एकेका लग्नाचं नाव घेत, बोटांवर मोजत.

"न्हाई, पोरी," ते शेवटी म्हणाले. "येकदा बी न्हाई. उगा खोटं कशाला सांगू तुला?"