माईंच्या टँकमधलं शेवाळ

जुन्या टूथब्रशने वैदेही काचेवरचं शेवाळ खरवडत होती. हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि तोंडाने माईंची क्षमा मागणं चालू. फिशटँक माईंचा. बदलापूर गावातलं घर सोडून सोनिवलीच्या फ्लॅटमध्ये आल्यावर सासूबाईंनी परसाची हौस या काचेत भागवली होती. दिवाळीत त्या गेल्या, आणि तेव्हापासून पाण्यातल्या त्यांच्या झाडांना हिरव्या धाग्यांनी जे वेढलं ते वेढलंच.

वैदेहीने काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं! दिवा आठ तासांवरून पाचवर आणला, दर रविवारी पाणी बदललं. उल्हासनगरच्या दुकानदाराचं मात्र एकच पालुपद.

"मॅडम, खाना ज्यादा पड रहा है."

"अहो, चिमूटभर टाकते हो मी!"

शेवटी तिचा नवरा पुष्करच म्हणाला, "हा रविवार बघू. नाहीतर काढून टाकू टँक. तुझे हाल बघवत नाहीत."

शुक्रवारी ती घरून काम करत होती. दुपारी पाणी प्यायला उठली, तर सासरे टँकचं झाकण उचलत होते. बोटांत वरणभाताचा घास, वर तूपसुद्धा.

"बाबा!"

विष्णुपंत दचकले आणि घास सुटला. मासे धावले. उरलेली शितं झाडांच्या मुळाशी जाऊन बसली.

"तिच्या वाटचा आहे गं," ते ओशाळून म्हणाले. "जेवणाआधी रोज काढतो. गॅलरीला जाळी, कावळा येणार कुठून? म्हटलं, निदान तिचे मासे तरी खातील."

सहा महिन्यांचं खरवडणं वैदेहीच्या डोळ्यांपुढून गेलं. रागवायचं तरी कुणावर?

"बाबा, शितं कुजतात हो. त्यावरच शेवाळ पोसतंय."

विष्णुपंत मटकन खुर्चीत बसले.

"म्हणजे तिची झाडं मीच मारतोय?"

वैदेहीचे डोळे भरून आले. तिने कात्री आणली आणि गॅलरीच्या जाळीला तळहाताएवढी खिडकी पाडली. कबुतरांशी उभा दावा मांडून माईंनीच ती जाळी लावून घेतली होती. मग पुष्करला फोन करून तिने सांगितलं, टँक कुठेही जाणार नाही.

शनिवारी दुपारी कठड्यावर घास ठेवून दोघं उभे राहिले. कावळ्याचा पत्ता नाही. एक लठ्ठ कबूतर तेवढं ऐटीत येऊन बसलं.

"हट!" वैदेहीने हात उगारला.

विष्णुपंतांनी तो हळूच खाली घेतला.

"असू दे गं. त्याला हाकलायला तरी ती येईल."